तिसऱ्या हाकेला

"हिची शेपटी कुणी तोडली?" मामांनी विचारलं.

शोरूममधली मुलगी आधी माझ्याकडे बघायला लागली, मग गाडीकडे. लाल रंगाची, दीडशे सीसीची, मागून वर उचललेली स्पोर्ट्स बाइक मधोमध चौथऱ्यावर उभी होती आणि तिच्यावर वरून दिवे सोडले होते. मामांनी डावीकडून एक फेरी मारली, उजवीकडून एक मारली, वाकून पोटाखाली बघितलं आणि टाकीवर सणसणीत थाप दिली.

"मामा, ते डिझाइनच तसं असतं," मुलगी म्हणाली. तिच्या शर्टावर 'प्रणाली' अशी पाटी होती.

"आसंल. पर बूड वर आन् मुंडी खाली. दमेकरी दिसती. आन् ही मागची जागा बघा. ह्यावर बाईमाणूस बसायचं तर शिडी लावावी लागंल."

मी तोंड पाडून उभा होतो. तशी आज्ञाच होती. सकाळी विट्याच्या एस.टी. स्टँडवर उतरल्या उतरल्या मामांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सिद्धा, आत गेल्यावर त्वांड वाकडं ठिवायचं. वस्तू आवडली म्हणून समोरच्याला कळलं, की भाव तितंच बसला. गाडीकडं बघायचंच न्हाई. भिंतीकडं बघ." म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करत होतो.

"पण दादा," प्रणाली माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तर मागच्या रविवारी हिच्यावर बसून फोटो काढला होता. दोन."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी परत कॅलेंडरकडे वळलो.

खरं तर मला सौदा करायचाच नव्हता. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होतो, पैसे साठवले होते, गाडीची किंमत ऑन रोड एक लाख बारा हजार होती आणि तेवढे माझ्याकडे होते. पैसे द्यायचे, चावी घ्यायची, भुर्रकन निघायचं. पण आईनं मोडता घातला. "गाडी कसली बी घे," ती म्हणाली, "पण सौदा दादाला करू दे."

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, आमचे म्हाळाप्पा मामा. जनावरांची खरेदी-विक्री करणाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि मामा आटपाडीपासून खरसुंडीपर्यंत नावाजलेले हेडी. खिलार बैलांच्या जोड्या त्यांच्या हातून किती गेल्या याला गणती नाही. जत्रेत दोन माणसं भावावरून हातघाईवर आली की कुणीतरी म्हणायचं, "म्हाळाप्पाला बोलवा." मामा यायचे, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचे, आणि टॉवेल निघेपर्यंत सौदा झालेला असायचा.

पण ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. बाजार आकसला. मामांना कुणी बोलवेना. मामी सांगायच्या, की आता घरात बसून ते भाजीवालीशी घासाघीस करतात, आणि ती नसली तर जेवताना मामींशीच, अर्ध्या भाकरीवरून. हे सांगताना मामी हसायच्या, पण आई हसायची नाही. "दादाचं तोंड बघवत नाही रे," ती म्हणायची. "एक सौदा त्याच्या हातून होऊ दे. लहान पोरासारखा खूश होईल."

तर असं होतं. गाडी काय, मला आज ना उद्या मिळणारच होती. मामांना त्यांचा सौदा मिळतो की नाही, हा प्रश्न होता.

पैसे मी पाकिटासकट त्यांच्या हवाली केले होते. ज्याचा सौदा त्याच्याकडे पैसे, ही बाजाराची रीत. त्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात घातले होते आणि वरून अधूनमधून चाचपत होते.

"बोला आता. द्यायची किती?" मामांनी विचारलं.

"एक लाख बारा हजार, ऑन रोड."

"नव्वद."

प्रणालीला हसू आलं. "मामा, नव्वदला तर कंपनी आम्हालाही देत नाही."

"मग कंपनीवाल्याला बोलवा, त्याच्याशी बोलतो."

"तो जपानला आहे, मामा."

"लई लांब हाय," मामा विचार करून म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. आपणच बोलू. ब्याण्णव."

मग त्यांनी गाडीची एकेक खोड काढायला सुरुवात केली. डोळा एकच आणि तोही तिरका. पाय बारीक. आवाज चालू करून दाखवा म्हणाले, तो ऐकला आणि मान हलवली, "छातीत कफ हाय." प्रणालीनंही हार मानली नाही. ही चारा खात नाही म्हणाली, लाथ मारत नाही, रात्री दावं तोडून पळत नाही. एक हेल्मेट फुकट देते म्हणाली, एक टी-शर्टही देते. पण किमतीवर आली की तिचं एकच पालुपद होतं. "मामा, प्राइस फिक्स आहे. कॉम्प्युटरमध्येच तशी आहे. माझ्या हातात काही नाही."

"न्हाई ना जमत?"

"नाही मामा, खरंच."

मामा उठले. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "चल सिद्धा. आपल्याला दुसऱ्या दावणी हायेत."

बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "मागं बघू नगंस. सावकाश चाल. आता हाक यील."

आम्ही सावकाश चाललो. एवढं सावकाश, की काचेच्या दरवाजापासून फाटकापर्यंत जायला लग्नाच्या वरातीइतका वेळ लागला. हाक आली नाही. फाटकापाशी मामा खाली वाकले आणि वहाणेचा अंगठा उगाच नीट केला. हाक आली नाही. मग दुसऱ्या वहाणेचा केला.

"ट्रॅफिक हाय, ऐकू यीना आसंल," ते म्हणाले.

रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर मामा अशा कोनात बसले, की बघत नाही असं दाखवून सगळं शोरूम दिसावं. चहा आला. काचेतून प्रणाली दिसत होती. ती आता एका जोडप्याला स्कूटर दाखवत होती आणि मगाशी आमच्याशी हसत होती तशीच हसत होती.

मामांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. वर साय धरली.

"मामा, चला ना परत जाऊ. आहे त्या किमतीला घेऊ. काय बिघडतं?"

"तसं नसतंय, सिद्धा." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "पाठ फिरवल्यावर आपणहून मागं जायचं नसतंय. समोरच्यानं बोलवायचं. न्हाईतर आपल्या बोलण्याला काय किंमत ऱ्हाती?"

"आणि नाहीच बोलावलं तर?"

त्यांनी बशीतल्या सायीवर फुंकर घातली. मग म्हणाले, "कदी आसं झालंच न्हाई रं." आणि थोड्या वेळानं, "शेवंतीला सांग, गाडीत खोड हुती. म्हणून दादानं सोडली."

जत्रेत ज्या माणसाच्या मागे लोक पळायचे, तो विट्यात एका बाकावर बसून बहिणीला काय सांगायचं ते जुळवत होता. मला त्या काचेच्या दुकानाचा आणि त्यातल्या कॉम्प्युटरचा भयंकर राग आला.

"माझा फोन आत राहिला बहुतेक," मी उठत म्हणालो. "आलोच."

आत जाऊन मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये घुसलो. मगदूम शेठ पन्नाशीचे, गोरेपान, मिशीवाले गृहस्थ होते आणि टाचणीनं दातात अडकलेलं काहीतरी काढत होते.

"शेठ, मला ती लाल गाडी घ्यायची आहे. पूर्ण एक लाख बारा हजारांना."

"घ्या की. नाही कोण म्हणतंय?"

"पण तुम्ही बाहेर येऊन माझ्या मामांना हाक मारायची. आणि किंमत कमी करायची."

त्यांनी टाचणी खाली ठेवली. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. मामा कोण, टॉवेलाखालचा सौदा काय, हाक का यायला पाहिजे. "तुम्ही पाच-सहा हजारांवर थांबा. मामा तुम्हाला कमी पैसे देतील, उरलेले माझ्याकडे येतील, ते मी मागून तुम्हाला आणून देतो. तुमचा एक रुपया जाणार नाही."

"थांबा, मला नीट कळू दे," शेठ म्हणाले. "तुम्ही मला पुरे पैसे देणार, आणि मी कमी घेतल्याचं नाटक करायचं."

"हो."

"वीस वर्षं गाड्या विकतोय. असलं गिऱ्हाईक पहिलंच." त्यांच्या डोळ्यांत मजा यायला लागली होती. "आणि ते टॉवेलाखाली काय करायचं असतं?"

मी टेबलावरचा त्यांचा हातरुमाल घेऊन आमच्या हातांवर टाकला आणि दाखवलं. किती हजार सोडणार तेवढी समोरच्याची बोटं धरायची. सगळा पंजा धरला की पाच. तोंडानं आकडा काढायचा नाही. कबूल नसलं की हात झटकायचा.

"पंजा आणि वर एक बोट. सहा. तिथे थांबा," मी म्हणालो. "पण शेठ, जरा भांडा. लगेच सोडलंत तर त्यांना कळेल."

"भांडतो," शेठ उठत म्हणाले. "शाळेत असताना मी नाटकात कामं करायचो."

मी आधी परत येऊन बसलो. दोन मिनिटांनी शेठ बाहेर आले, पोटावरून हात फिरवत, मिशीत हसत, रमतगमत रस्ता ओलांडायला लागले.

"अहो पाहुणं!"

मामांची मान जागची हलली नाही. पण बशी हलली, आणि चहा धोतरावर सांडला.

"अहो पाहुणं, रागावला काय?"

मामांनी उरलेला चहा शांतपणे फुर्रकन ओढला. सायीसकट.

"मामा! अहो म्हाळाप्पा मामा!"

तेव्हा कुठे मामा वळले. "आमाला म्हणताय व्हय?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, सहा हजार काय, वीस गेले असते तरी चाललं असतं.

शेठ बाकावर मामांच्या शेजारी बसले. प्रणाली फार कडक बोलली म्हणाले, तरुण पोरगी आहे, बैठकीत आपण मोठी माणसं बोलू म्हणाले. नाटक जरा जास्तच होत होतं. मामांनी ऐकून घेतलं, खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि उजवा हात पुढे केला. टॉवेल दोघांच्या हातांवर पडला.

पुढचं कसं सांगू? दिसत काहीच नव्हतं. एका टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं आणि वर दोन चेहरे होते. शेठ पहिल्यांदा हसत होते. मग त्यांनी ठरल्याप्रमाणे हात झटकला, "छे छे" म्हणाले, "मला दुकान बंद करावं लागेल" म्हणाले. मामा दूर रस्त्याकडे बघत होते. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. पलीकडच्या पंक्चरवाल्यानं काम थांबवलं. एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि सायकल धरून उभा राहिला. त्यानं हे पूर्वी बघितलेलं असावं. प्रणालीसुद्धा स्कूटरचं जोडपं सोडून रस्ता ओलांडून आली.

हळूहळू शेठचं हसू गेलं. कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मला त्या बघण्याचा अर्थ लागेना. एकदा त्यांचा खांदा मागे गेला, हात काढायला बघत होते बहुतेक, पण टॉवेल तिथेच राहिला. मामा रस्त्याकडेच बघत होते. आणि मग शेठनी एक मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली.

मामांनी टॉवेल ओढला. "झाला सौदा!"

सायकलवाल्या म्हाताऱ्यानं "वाऽऽ" केलं आणि निघून गेला.

आत जाऊन मामांनी बंडीतून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि शेठपुढे ठेवल्या. "एक लाख." राहिलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. "आन् हे तुझं."

मी मोजल्या. बारा हजार.

ठरलं होतं सहा. मी शेठकडे बघितलं, तर ते पावतीचं पुस्तक शोधत होते, जे त्यांच्या समोरच होतं. पावती झाली. मामांनी गाडीला हार घातला, हळदीकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला, प्रणालीच्या हातावर खोबरं ठेवलं आणि टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "लक्ष्मी हाय बरं का. मगाशी बोललो त्ये मनावर घिऊ नगंस." प्रणालीनं ते स्वतःला समजून मान हलवली, पण मामा गाडीशी बोलत होते.

तेवढ्यात मी केबिनमध्ये गेलो आणि बारा हजार टेबलावर ठेवले.

"उचला ते," शेठ म्हणाले.

"पण ठरलं होतं."

"ठरलं होतं ते सहाचं. सहापर्यंत मी तुमचं नाटक केलं. मस्त केलं. पुढे..." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "पुढे त्यांनी काहीच केलं नाही हो. दाबलं नाही, ओढलं नाही. नुसता माझा हात धरून बसले. घाई नाही, काही नाही. माझा बापही जाण्याआधी असाच तासन् तास हात धरून बसायचा. मला वाटलं, आता हे सोडतील, आता सोडतील. आणि मीच आपलं एक बोट वाढवलं. मग आणखी एक, असं करत बारापर्यंत गेलो."

"म्हणून काय झालं? तुमचं नुकसान कशाला?"

"नुकसान नाही, नफा कमी झाला. नाटक असतं तर मी पैसे घेतले असते. हा सौदा झाला." ते मिशीत हसले. "त्यांनी मला खरोखर हरवलंय. आता तुमच्याकडून पैसे घेतले, तर मी कुठल्या तोंडानं सांगू कुणाला, की म्हाळाप्पा हेड्याशी टॉवेलाखाली हात लावला होता म्हणून?"

मी पैसे उचलले. बाहेर आलो तेव्हा मामा मागच्या उंच सीटवर आधीच चढून बसले होते आणि दोन्ही बाजूला धोतर आवरून घेत होते.

गाडी काय पळत होती म्हणून सांगू! मागून मामा ओरडत होते, "हळू, लेका, हळू! हिला लगाम कुटं हाय?" पण पुढे एखादा ट्रॅक्टर दिसला, की तेच म्हणायचे, "काढ फुडं. त्याला मागं टाक." सात-आठ ट्रॅक्टर आम्ही मागे टाकले. दर वेळी मामा वळून मागे बघायचे.

भिवघाटाच्या अलीकडे त्यांनी खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितलं. पाय आखडले होते. उतरून लिंबाखाली उभे राहिले, पाय झाडले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या शेठला हाक मारायला किती कबूल केलं हुतंस?"

मी गाडीचा आरसा पुसायला लागलो.

"सांग की. मी काय मारतोय व्हय तुला?"

"सगळेच," मी म्हणालो. "तुम्ही जेवढे कमी कराल तेवढे. तुम्हाला कधी कळलं?"

"तो रस्ता वलांडून आला तवाच. गिऱ्हाईक सुटतंय म्हणल्यावर माणूस पळत येतो. ह्यो आपला पोटावर हात फिरवत आला, जिवून उठल्यावानी." मामा हसायला लागले. "आन् म्हाळाप्पा मामा म्हणून हाक मारली. माझं नाव त्याला कुणी सांगितलं?"

"मग तुम्ही हात का दिलात?"

"न्हाई दिला तर तू हिरमुसणार. आन् दिला तर तुझं पैसं बुडणार. म्हणलं, म्हाळाप्पा, आता हात दिलाच हाईस तर सौदा खराच कर." त्यांनी डोळे मिटले, जणू तो हात अजून त्यांच्या हातात होता. "सहापतुर त्यो गंमत करत हुता. सहाच्या वर गेल्यावर त्याचा आंगठा गरम झाला, सिद्धा. तितनं फुडं मला कळलं, आता ह्यो खराखुरा हाय. तितनं फुडं मी काय केलं न्हाई. नुसता बसलो."

"शेठनी ते पैसे घेतलेच नाहीत," मी म्हणालो.

"घेणारच न्हाईत," मामा म्हणाले. "कसं घेतील?"

आणि मग ते मोठ्यानं हसले. लिंबाखाली उभे राहून, गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. मला फार आनंद झाला होता आणि आपण स्वतःला किती शहाणे समजत होतो म्हणून जरा लाजही वाटत होती.

"घरी काय सांगायचं?" परत गाडीवर बसताना मी विचारलं.

"शेवंतीला सांग, पयल्या हाकेला दादानं मान वळवली न्हाई. दुसऱ्या हाकेला वळवली न्हाई. तिसऱ्या हाकेला वळला."

"आणि बारा हजार सुटले ते?"

"त्ये ती इचारायचीच न्हाई."

दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी गाडी बंद करायच्या आत हाकांचं सगळं सांगून टाकलं. तिनं कितीला घेतली, किती सुटले, काही म्हणजे काही विचारलं नाही. ओवाळायचं सोडून ती भावाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि ताटातली वात विझली तरी तिला कळलं नाही.